दुसऱ्या आठवड्याची रजा

मंडळी, 'ब्रेन हॅमरेज झालं' असं कुणी फोनवर सांगितलं की पुढची गोष्ट आपल्या डोक्यात तयारच असते. माणूस कोसळला, ॲम्ब्युलन्स आली, ऑपरेशन झालं, आणि मग एकतर वाचला नाहीतर गेला. सिनेमात ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा विझतो, डॉक्टर बाहेर येतात, चष्मा काढतात आणि दोनपैकी एक वाक्य बोलतात. खेळ खल्लास!

पण या आजाराचा एक प्रकार असा आहे की डॉक्टर बाहेर येऊन 'ऑपरेशन व्यवस्थित झालं' म्हणतात तेव्हा फक्त मध्यंतर झालेलं असतं. उत्तरार्ध सुरू होतो चौथ्या दिवसाच्या आसपास. आणि नेमके तेव्हाच नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकून बॅगा आवरायला लागलेले असतात.

या विकांताला त्याच उत्तरार्धाबद्दल लिहायचं आहे. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मूळचा लातूरचा, इंजिनिअरिंग नांदेडला, आणि आता पोटासाठी पुण्यात कोड लिहिणारा माणूस. पण गेल्या वर्षभरात ओळखीच्या एका घरात हा आजार जवळून पाहिला, आणि त्यानंतर मिळेल ते वाचत सुटलो. त्यातून माझं एक मत बनलंय. ते शेवटी सांगतोच, पण त्याआधी भानगड काय आहे ते नीट समजून घेऊ.

आपल्या मेंदूभोवती तीन पातळ आवरणं असतात. मधल्या आणि आतल्या आवरणाच्या मधल्या फटीत पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो, आणि मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्या याच फटीतून जातात. (शाळेत आपण त्यांना 'रोहिणी' म्हणायचो, आठवतंय का?) काही जणांच्या धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे भिंत कमजोर होते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा फुगा येतो. त्याला ॲन्युरिझम म्हणतात. बहुतेकांचा हा फुगा जन्मभर गप्प बसतो. एखाद्याचा फुटतो. मग धमनीतलं रक्त त्या स्वच्छ पाण्यात उसळतं. याचं नाव सबॲरॅक्नॉइड हॅमरेज, म्हणजे मेंदूच्या आत नव्हे तर मेंदूच्या भोवती झालेला रक्तस्राव.

पक्षाघाताच्या सगळ्या प्रकारांत याचा वाटा साधारण ५ टक्केच. पण हा म्हातारपणाची वाट पाहत नाही. पन्नाशीतल्या, हिंडत्याफिरत्या, घर चालवणाऱ्या माणसाला गाठतो. बायकांमध्ये जरा जास्त. बिडी-सिगारेट आणि न सांभाळलेलं बीपी ही त्याची लाडकी ठिकाणं. शंभरातले दहा-पंधरा जण तर दवाखान्यात पोचायच्या आतच जातात. मुख्य लक्षण एकच, आणि ते विसरता येणार नाही असं : क्षणार्धात, वीज कोसळावी तशी डोकेदुखी. 'आयुष्यात असं डोकं कधी दुखलं नव्हतं' हे वाक्य ऐकलं की पित्ताची गोळी शोधायची नाही, सरळ सीटी स्कॅनचं मशीन गाठायचं. पहिल्या ६ तासांत चांगल्या मशीनवर काढलेला आणि जाणकाराने वाचलेला स्कॅन हा रक्तस्राव जवळजवळ चुकवत नाही.

पुढचं काम सर्जनचं. फुगा पुन्हा फुटू नये म्हणून एकतर कवटी उघडून त्याच्या मानेला चिमटा लावायचा (हे अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये पहिल्यांदा केलं), नाहीतर मांडीतून बारीक नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार गुंडाळून तो बुजवायचा. गळती बंद. आम्ही आयटीवाले असतो तर इथे तिकीट क्लोज करून चहा प्यायला गेलो असतो :)

आता उत्तरार्ध.

ज्या धमनीभोवती रक्त साचलंय ती धमनी साधारण चौथ्या दिवसापासून आवळायला लागते. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात जास्त, आणि चौदाव्या दिवसानंतर हळूहळू सैल होते. अशी धमनी १९५१ मध्ये अमेरिकेतल्या एकर आणि रीमेनश्नायडर या दोघांनी एक्स-रे चित्रात पहिल्यांदा दाखवली. साधारण दोनतृतीयांश पेशंटच्या धमन्या चित्रात अरुंद दिसतात, आणि सुमारे तिसरा हिस्सा पेशंटमध्ये मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त कमी पडून खरोखरचं नुकसान व्हायला लागतं. म्हणजे फुटलेल्या धमनीतून जो वाचला, त्याला आठवड्याभराने न फुटलेल्या धमन्या दगा देतात.

लातूरकरांना हे समजावून सांगायला मला फार कष्ट पडणार नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये आपल्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, विसरला नसालच. त्या उन्हाळ्यात गल्लीतले पाईप कुठे फुटले नव्हते. पाईप शाबूत, नळ शाबूत, फक्त नळाला पाणी नाही! लीकेज काढलं म्हणजे शेवटच्या घरात पाणी पोचलं असं होत नाही. मेंदूचंही तसंच. सर्जनने लीकेज काढलेलं असतं. पण लाईनवरचे व्हॉल्व्ह कुणीतरी एकेक करून आवळत चाललेलं असतं.

कोण आवळतं? इथे मला खरी मजा वाटली. आपण म्हणतो 'धमनी आकसली', जणू कुणी बाहेरून दाबली. पण धमनीच्या भिंतीतले स्नायू थोडेफार आवळलेले असतातच, त्यांना सतत कुणीतरी 'सैल हो' असं सांगत राहावं लागतं. हा निरोप देतं धमनीचं अगदी आतलं, एकाच पेशीइतकं पातळ अस्तर. हे कळलं १९८० मध्ये. रॉबर्ट फर्चगॉट नावाचे संशोधक सशाच्या महाधमनीचे तुकडे तपासत होते. एकच रसायन कधी तुकडा सैल करायचं, कधी उलट आवळायचं. उलगडा झाला तो असा की तयारी करताना ज्या तुकड्यांचं आतलं अस्तर घासलं गेलं होतं ते सैल होईनात. म्हणजे सैल होण्याचा निरोप अस्तरातून येतो! हा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, हे पुढे सिद्ध झालं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना मिळालं.

तुमच्या घरातही हा निरोप्या असेल बरं का. आजोबांच्या खिशातली, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आठवा. ती शरीरात जाऊन हेच नायट्रिक ऑक्साइड देते.

आता मेंदूभोवती साचलेल्या रक्ताकडे परत या. पहिले दोन-तीन दिवस लाल पेशी अखंड असतात. मग त्या फुटायला लागतात आणि त्यांच्यातलं हिमोग्लोबिन मोकळं होतं. हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरतं हे आपल्याला माहीत आहे. पण ते नायट्रिक ऑक्साइड त्याहून कितीतरी आवडीने धरतं. अस्तराने 'सैल हो' असा निरोप धाडला तरी तो स्नायूपर्यंत पोचायच्या आत हिमोग्लोबिन त्याला गिळतं. वर या मोडतोडीतून निघणारी घातक रसायनं अस्तरालाच जखमी करतात, म्हणजे निरोप निघणंच कमी होतं. त्यात भर म्हणून एंडोथेलिन हा 'आवळ' म्हणणारा रेणू (जपानी संशोधकांनी १९८८ मध्ये शोधलेला) वाढतो. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी या आजारातल्या माणसांच्याच मेंदूच्या धमनीवर काम करून हे दाखवलं की अस्तराच्या सांगण्यावरून सैल होण्याची तिची क्षमता खालावलेली असते. थोडक्यात काय, तर धमनी हट्टाने आवळत नाही, तिला सैल व्हायचं सांगणारंच कुणी उरत नाही. आणि हे सगळं चौथ्या दिवसापासूनच का, त्याचं बरंचसं उत्तर लाल पेशी फुटायला लागणाऱ्या वेळात आहे.

तुम्ही म्हणाल, मग द्या की सॉर्बिट्रेट! विचार बरोबर आहे, पण गोळी अख्ख्या शरीराच्या धमन्या सैल करते. बीपी पडतं, आणि ज्या मेंदूला आधीच रक्त कमी पडतंय त्याला आणखी कमी मिळतं. टाकीची पातळीच खाली गेली तर वरच्या मजल्यावर पाणी कसं चढणार?

औषधांचा इतिहास तर प्रत्येक इंजिनिअरने वाचावा असा आहे. क्लाझोसेन्टान नावाचं औषध एंडोथेलिनला अडवतं. २००८ मध्ये आलेल्या चाचणीत धमन्यांचं अरुंद होणं त्याने झकास कमी केलं. सगळे खूष. २०११ मध्ये मोठी चाचणी आली, आणि पेशंटचं पुढचं आयुष्य काही सुधारलं नाही. (जपानने मात्र २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली.) मॅग्नेशियम, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, मोठमोठ्या चाचण्या झाल्या, हाती काही लागलं नाही. याउलट निमोडिपिन. १९८९ साली ब्रिटनमधल्या ५५४ पेशंटच्या चाचणीत मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलं. गंमत म्हणजे चित्रातल्या धमन्या हे औषध फारशा रुंद करत नाही! तरी माणसं वाचतात. डॅशबोर्डवरचा आकडा हिरवा होणं आणि युजरचं काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला दर सोमवारच्या मीटिंगमध्ये कळायला हवं तर वैद्यकाने ते वीस-तीस वर्षं आणि हजारो पेशंट खर्चून शिकलंय.

आणि २०२३ मध्ये जर्मनी, स्वित्झर्लंड आणि कॅनडातल्या २८७ पेशंटची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात कमरेतून बारीक नळी घालून ते रक्ताळलेलं पाणीच लवकर काढून टाकलं. सहा महिन्यांनी वाईट अवस्थेत असणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांच्या आत आलं. निरोप गिळणारा चोरच घराबाहेर काढला, की निम्मी भांडणं मिटतात.

असो. एवढं सगळं सांगायचं कारण आता येतं.

वर जे उपाय लिहिले त्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांना दिवस लागतात. निमोडिपिन म्हणजे ६० मिलिग्रॅम दर ४ तासांनी, २१ दिवस. रात्री दोनला आणि पहाटे सहालासुद्धा. दिवसाला ६ वेळा, एकूण १२६ वेळा. बीपी पडलं तर डोस तोडून द्यायचा, म्हणजे प्रत्येक वेळी बीपी बघायचं. घरी आपल्या मनाने घ्यायची ही गोळी नव्हे. शिवाय दर तासा-दोन तासांनी कुणीतरी येऊन विचारायचं, 'नाव काय? हात वर करा. आज वार कोणता?' रक्तातलं सोडियम बघायचं, सलाईनचा हिशोब ठेवायचा, डोक्यावर डॉप्लर लावून रक्ताचा वेग पाहायचा. यातलं काहीच सिनेमात दाखवण्यासारखं नाही. पण उत्तरार्ध जिंकला जातो तो यावरच. आणि हरला जातो तोही याच्याच अभावी.

आता हे नांदेड-लातूरच्या नकाशावर ठेवून बघा. आपल्याकडे काहीच नाही असं नाही हं. अंबाजोगाईला सत्तरच्या दशकापासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, नांदेडला १९८८ पासून, लातूरला २००२ पासून. सरकारी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला राज्यातल्या ज्या पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात नांदेड होतं. लातूर पुढच्या टप्प्यात आलं. तेव्हा तिला राजीव गांधींचं नाव होतं, २०१७ पासून महात्मा फुलेंचं आहे. २०२३ मध्ये तिची मर्यादा ५ लाखांपर्यंत न्यायचा आणि ती सगळ्यांना खुली करायचा निर्णय झाला. १०८ ची ॲम्ब्युलन्स २०१४ पासून धावतेय. पण मेंदूतला फुगा बुजवायचा म्हटलं की आपली माणसं अजूनही गाडी काढतात. लातूरकर सोलापूर नाहीतर पुण्याकडे, नांदेडकर हैदराबाद नाहीतर छत्रपती संभाजीनगरकडे. लातूर-सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, नांदेड-हैदराबाद पावणेतीनशेच्या आसपास. पहिल्या रात्री लोक हे अंतर कापतात. दागिने मोडतात, मध्यरात्री फोन करून पैसे उभे करतात, रक्त द्यायला दहा पोरं उभी राहतात. पहिल्या दिवसाच्या बाबतीत मराठवाड्याच्या माणसाला कुणी नावं ठेवू नयेत.

अंतर खरं जाणवायला लागतं ते पाचव्या दिवशी. परक्या शहरात लॉजचं भाडं, डब्याचे पैसे, घरी गुरं, रानात सोयाबीन काढणीला आलेलं. ज्या घराबद्दल सुरुवातीला बोललो तिथे हेच झालं. मित्राचे मामा, उदगीरकडच्या एका गावातले, किराणा दुकानवाले. फुगा वेळेत बुजवला गेला होता. सहाव्या दिवशी मामा बसून चहा पीत होते. घरातला एक वडीलधारा माणूस म्हणाला, "बोलायलाय, जेवायलाय, मग इथं कशाला ठिवायलेत? बिल वाढवायलेत निस्ते." डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं. सही करून डिस्चार्ज घेतला. आठव्या दिवशी मामा दुपारभर झोपून राहिले. घरच्यांना वाटलं, थकलेत, झोपू द्या. संध्याकाळी उठवलं तर उजवा हात उचलेना आणि शब्द फुटेना. मामा आज आहेत. दुकानात बसतात. गिऱ्हाईक आलं की बोट दाखवतात, भाव मामी सांगते.

दवाखान्यात राहिले असते तर हे नक्की टळलं असतं का? असं छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. उत्तम आयसीयूतही हे होतं. पण दुपारी दोन वाजता कुणीतरी त्यांना उठवून वार विचारला असता, आणि चार तास वाया गेले नसते. बीपी चढवून, गरज पडली तर नळीतून थेट धमनीत औषध सोडून काही करून पाहता आलं असतं.

आणि त्या वडीलधाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. 'उद्या परवा धमनी आवळायला लागेल' हे त्यांना कळेल अशा भाषेत कुणी सांगितलं होतं का? संमतीच्या कागदावर ऑपरेशनचे धोके बारीक अक्षरात असतात. पण चांगला दिसणारा माणूस आठव्या दिवशी बिघडू शकतो, हे एका साध्या वाक्यात, आपल्या बोलीत सांगणं हे उपचाराचाच भाग आहे असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्चार्जच्या वेळी नव्हे, ऑपरेशनच्या दिवशीच. आणि कॅलेंडरवर चौथ्या ते चौदाव्या दिवसाभोवती लाल पेनाने गोल करून.

दुसरं मत सरकारी योजनांबद्दल. आपण बातम्या वाचतो त्या अमुक हजार शस्त्रक्रियांच्या. या आजारात मोजायचंच असेल तर एकविसावा दिवस मोजा. किती जण तेव्हा स्वतःचं नाव सांगू शकले, ते मोजा. नांदेड-लातूरमध्ये उद्या सकाळी मेंदूच्या सर्जरीची मोठी केंद्रं उभी राहणार नाहीत हे मलाही कळतं. पण रात्री दोनची गोळी वेळेवर देणाऱ्या, तासातासाला हात वर करायला सांगणाऱ्या प्रशिक्षित नर्सेस आणि त्यांच्यासाठी राखीव चार-सहा खाटा, हे जिल्ह्याच्या ठिकाणी अशक्य नाही. आणि बाहेरगावी थांबलेल्या एका नातेवाइकाच्या राहण्या-जेवण्याची सोय हाही उपचाराचाच खर्च धरा. पेशंटला सहाव्या दिवशी घरी नेणारी गोष्ट बऱ्याचदा अज्ञान नसतेच, लॉजचं बिल असतं.

तिसरं आपल्याबद्दल, म्हणजे तुम्ही आणि मी. गावाकडे काही झालं की आपण पुण्यात, बंगळुरात बसून फोनवर निर्णय घेणारे. 'शिकलेला आहे, त्याला विचारा' म्हणून फोन आपल्यालाच येतो. आपण काय करतो? पहिल्या दिवशी ऑफिसात मेल टाकून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतो. ऑपरेशन होतं. मॅनेजरचा मेसेज येतो. तिसऱ्या दिवशी आपण परत. 'काही लागलं तर कळवा' म्हणून. पहिल्या दिवशी तिथे सर्जन असतो, दहा नातेवाईक असतात, आपण तिथे अकरावे असतो. आठव्या दिवशी तिथे एक दमलेली बाई आणि सोयाबीनच्या काळजीत बसलेला एक भाऊ असतो. डॉक्टरांना प्रश्न विचारायला, 'अजून थांबायचं' असं ठामपणे म्हणायला आणि लॉजचं बिल भरायला माणूस हवा असतो तो तेव्हा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तुमच्या घरात देव करो आणि ही वेळ न येवो. पण आली, तर पैसे पहिल्या दिवशी पाठवा आणि रजा दुसऱ्या आठवड्याची टाका. तिथे जाऊन फार काही करायचं नाहीये. खाटेशेजारी बसायचं, नर्सला त्रास न देता दर तासाला विचारत राहायचं, 'मामा, आज वार कोणता?' उत्तर चुकलं, उशिरा आलं किंवा आलंच नाही, तर 'झोपू द्या' म्हणायचं नाही. उठायचं आणि डॉक्टरांना हाक मारायची.